हजेरी, ब्रास आणि गुत्ते: घरदुरुस्तीचा दर कसा ठरतो

घरदुरुस्तीची मजुरी तीन पद्धतींनी ठरते: हजेरीवर, मोजमापावर किंवा गुत्त्यावर. काम एकच असले तरी पद्धत बदलली की आकडा बदलतो. कारण काम अंदाजापेक्षा लांबले तर भुर्दंड कोणी सोसायचा, हे पद्धतच ठरवते.

सोलापूरच्या भवानी पेठेला आणि एकूणच शहराच्या पूर्व भागाला कामाच्या मापावर मिळणारी मजुरी नवी नाही. मागावरच्या कामगाराला विणलेल्या मालावर पैसे मिळतात, विडी वळणाऱ्या बाईला हजार विड्यांमागे. तिथे प्रत्येक नग आधीच्या नगासारखाच असतो, म्हणून दर ठरवता येतो. दुरुस्तीत मात्र भिंत फोडल्याशिवाय आत काय आहे ते मिस्त्रीलाही कळत नाही. मालक आणि मिस्त्री यांच्यातले बहुतेक वाद इथूनच निघतात.

हजेरीत दिवसाचा दर ठरतो. गवंड्याची हजेरी वेगळी, बिगाऱ्याची त्याहून कमी. काम लहान असले तरी बिगारी लागतोच: वाळू चाळणे, माल कालवणे, पाट्या वाहणे यांत गवंड्याने वेळ घालवला, तर त्याची महाग हजेरी स्वस्त कामात जाते. या पद्धतीत लांबलेल्या कामाचा सगळा भार मालकावर पडतो. मालक दिवसभर घरी असेल आणि सामान वेळेवर आणून देणार असेल, तरच ती परवडते. दुपारी सिमेंट संपले आणि पोते यायला दोन तास लागले, तर त्या दोन तासांची हजेरीही द्यावी लागते.

मोजमापाच्या कामात गिलावा आणि रंगासाठी ब्रास म्हणजे १०० चौरस फूट; वाळूचा ब्रास म्हणजे १०० घनफूट. नळाची पाइप रनिंग फुटावर, विजेचे काम पॉइंटवर. दारे-खिडक्या मापातून वजा करायच्या की नाहीत, यावर हमखास वाद होतो. मोजमापाच्या भारतीय मानक १२०० मध्ये अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा गिलाव्यातून वजा करत नाहीत, कारण तिच्या कडा भरायलाही वेळ आणि माल लागतो. हा नियम काम सुरू होण्याआधी दोघांनी मान्य केला की शेवटच्या दिवशीची वादावादी टळते.

जुन्या घरात मात्र चौरस फूट पुरेसे सांगत नाही. १२ मिलिमीटर जाडीचा, एकास चार प्रमाणाचा एक ब्रास गिलावा करायला साधारण ५० किलोचे एक पोते सिमेंट आणि साडेचार घनफूट वाळू लागते. भिंत ओळंब्यात नसेल आणि सरासरी जाडी २० मिलिमीटरवर गेली, तर क्षेत्रफळ तेवढेच राहून माल दोन तृतीयांशाने वाढतो. जाड थर दोन हातांत मारावा लागला तर वेळही वाढतो. म्हणून अनुभवी गवंडी भिंतीला दोरी लावून पाहिल्याशिवाय दर सांगत नाही. न पाहता फोनवर सांगितलेला स्वस्त दर बहुधा सरळ भिंतीचा असतो.

जागेचाही दरावर परिणाम होतो. जुन्या पेठांतल्या अरुंद बोळात टेम्पो दारापर्यंत येत नाही. वाळू नाक्यावर उतरवून डोक्यावरून न्यावी लागते, वरच्या मजल्यासाठी जिन्याने चढवावी लागते, आणि निघालेला राडारोडा त्याच वाटेने परत आणावा लागतो. शहाबादी फरशी उखडताना काही लाद्या फुटतातच, आणि जुन्या जाडीची लादी दुकानात मिळेलच असे नाही. गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारावे लागते. सोलापूरच्या चाळिशी ओलांडणाऱ्या उन्हाळ्यात त्यात हयगय केली की तडे जातात. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येते. त्यामुळे हे पाणी कोणी साठवायचे आणि कोणी मारायचे, हे आधी बोलून घ्यावे लागते.

गुत्त्यात एकच ठोक रक्कम ठरते आणि धोका मिस्त्री घेतो. समजण्यापुरते आकडे घेऊ. मिस्त्रीचा दिवस १,४०० रुपयांचा आहे. न्हाणीघराच्या भिंतीतली गळती शोधण्याच्या चार कामांपैकी तीन एका दिवसात उरकतात. चौथ्यात पाइप भलतीकडून गेलेली निघते आणि तीन दिवस जातात. चार कामांना सहा दिवस, म्हणजे सरासरी दीड दिवस. मिस्त्री चौघांनाही २,१०० रुपये सांगतो. तिघांना वाटते, एका दिवसाच्या कामाचे जास्त घेतले. चौथ्याचे ४,२०० रुपयांचे काम अर्ध्या पैशांत होते. मिस्त्रीच्या हातात मात्र हजेरीइतकेच पडतात. गुत्त्यातली ही वाढीव रक्कम विम्याच्या हप्त्यासारखी असते, आणि तिला सरसकट लूट म्हणणे अन्यायाचे आहे. ज्याला ती द्यायची नसेल त्याने काम दोन भागांत तोडावे: फोडून पाहणे हजेरीवर आणि दोष सापडल्यावर उरलेले काम गुत्त्यावर. अडचण दिसली की मिस्त्रीही मग भीतीपोटी आकडा वाढवून सांगत नाही.

हा १,४०० चा आकडाही हवेतून येत नाही. घरखर्चाला महिना २४,००० रुपये हवेत. पेट्रोल, फोन आणि अवजारांची झीज मिळून ४,००० धरू. दुरुस्तीची कामे सुटी-सुटी मिळत असल्याने महिन्याकाठी वीसच दिवस भरतात. २८,००० ला २० ने भागले की १,४०० येतात. सात तासांचा दिवस धरला तर ताशी २००. नळ बदलायला अर्धा तास लागतो, पण येऊन पाहण्यात अर्धा आणि दुकानातून जुळणारा नळ आणण्यात पाऊण तास जातो. मालकाला दिसतो अर्धा तास. हिशेब पावणेदोन तासांचा, म्हणजे ३५० रुपयांचा असतो. सरकारी अंदाजपत्रकेही हा न दिसणारा खर्च मानतात: केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर-विश्लेषणात ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून १५ टक्के धरले जातात.

सामान मिस्त्रीनेच आणले, तर त्याची आणखी एक मिळकत असते. दुकानदार त्याला सवलत देतो. रंग, पुट्टी, वायर यांच्या कंपन्या कारागिरांना कूपन किंवा गुण देतात. आणण्याची मेहनत, उधारी आणि चुकीचा माल परत करण्याची जबाबदारी तो घेत असेल, तर त्यात गैर काही नाही. दर फक्त मजुरीचा की मालासकट, हे विचारून घ्यावे आणि मालासकट असेल तर कंपनी आणि प्रत लिहून घ्यावी.

हंगामही भाव हलवतो. सोलापुरात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो. स्लॅब गळतो तेव्हा दिसते, पण ओल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंग नीट होत नाही. मग सगळ्यांना मिस्त्री मे महिन्यात एकदमच हवा असतो. रंगाऱ्याची तशीच ओढाताण दिवाळीच्या आधी होते. हिवाळ्यात, सणांची गर्दी ओसरल्यावर, दर थोडा सैल होतो आणि कामही घाईत उरकले जात नाही.

ठरलेले सगळे एका कागदावर यावे: कामाची हद्द, माप, माल कोणाचा, राडारोडा कोण उचलणार, वाढीव काम निघाल्यास दर काय. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, पण तो सिद्ध करणे कठीण जाते. पैसे देऊन घेतलेल्या सेवेतली त्रुटी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, आणि तिथेही असा कागद कामाला येतो. पैसे टप्प्याने द्यावेत: थोडी उचल, काम मध्यावर आल्यावर दुसरा हप्ता, बाकी शेवटी. वॉटरप्रूफिंगमध्ये शेवटचा हप्ता पाणी तुंबवून पाहिल्यावरच द्यावा. गच्चीवर किंवा न्हाणीघरात पाणी निदान चोवीस तास साठवून खालच्या छताला ओल येते का ते पाहायचे असते. त्यासाठी बरेच पाणी लागते, म्हणून भवानी पेठेत ही चाचणी नळाला पाणी येण्याच्या दिवशी ठेवणे सोयीचे, आणि शेवटच्या हप्त्याची तारीखही तोच दिवस धरून ठरवावी.