भाडेकऱ्यांची एकजूट

मुंबईच्या चाळींत एका खोलीची भिंत हीच शेजारच्या खोलीचीही भिंत असते. संकटें अशीं सामाईक असतां प्रत्येक भाडेकरी त्यांचा प्रतिकार एकटाच करूं पाहतो, हें केवढें आश्चर्य! एकजण मालकास विनवितो, दुसरा त्याच्या मेहताजीची मनधरणी करतो, तिसरा 'आपलें तेवढें भागलें' म्हणून स्वस्थ बसतो. आणि जिना मात्र दिवसेंदिवस खचत जातो.

कायदा याविषयीं उदासीन नाहीं. १९१८ सालीं महायुद्धाच्या महागाईंत मुंबईस भाडेनियंत्रण आलें. १९४७ सालीं त्याचा नवा कायदा झाला. सांप्रत १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा अंमलांत आहे. त्याच्या १४ व्या कलमान्वयें घराची दुरुस्ती राखणें हें मालकाचें कर्तव्य होय. निदान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्यानें वाजवी मुदतींत तें केलें नाहीं, तर भाडेकऱ्यांस स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यांतून वळता करतां येतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथाईहून अधिक नव्हे. आतां जुन्या चाळींतील एका खोलीच्या अल्प भाड्याच्या चौथाईंत जिन्याची एक पायरी तरी होईल काय? चाळीस बिऱ्हाडांची चौथाई एकत्र आली, तर कामास आरंभ तरी होईल. म्हणूनच त्या कलमानें भाडेकऱ्यांस संयुक्त नोटीस देण्याची स्पष्ट मुभा ठेविली आहे. कायद्यानें दार उघडें ठेविलें. आंत शिरण्यास मंडळ हवें.

तें स्थापणें अवघड नाहीं. प्रत्येक मजल्याचा एक प्रतिनिधी निवडावा, सभेचें इतिवृत्त लिहावें, वर्गणीचा हिशेब दरमहा जिन्यापाशीं लावावा. पाण्याची व जिन्याची अडचण स्त्रियांस अधिक सोसावी लागते. त्यांस मंडळांत बरोबरीचें स्थान असावें. जातीच्या वा भाषेच्या नांवानें कोणासही वगळूं नये, कारण कोसळणारें छप्पर जात विचारीत नाहीं.

एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. रागाच्या भरांत भाडें थांबवूं नये. नियमित भाडें देणें हीच भाडेकऱ्याची ढाल आहे. थकबाकी झाली कीं तीच मालकाच्या हातीं शस्त्र होते. दर रकमेची पावती मागून घ्यावी. ती देणें मालकावर बंधनकारक आहे. पाणी किंवा वीज तोडली गेल्यास २९ व्या कलमाखालीं न्यायालयाकडे दाद मागावी.

मालकाशीं वैर करण्यास आम्ही सांगत नाहीं. कर्तव्याची मागणी म्हणजे वैर नव्हे. परंतु ज्यांस आपल्या जिन्याचा कारभार एकविचारानें करतां येत नाहीं, त्यांनीं राष्ट्राच्या कारभाराच्या गोष्टी कोणत्या तोंडानें बोलाव्या?