विश्लेषण : ‘नटक्रॅकर’ची साधी सरगम पियानोवर इतकी अवघड का?

नाताळच्या सुट्टीत ‘नटक्रॅकर’मधले काहीतरी बसवायचे, असा बेत पियानो शिकणारे अनेकजण करतात. प्योत्र चायकोव्हस्की यांचा हा बॅले १८ डिसेंबर १८९२ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये प्रथम सादर झाला. कथाच नाताळच्या रात्रीची, त्यामुळे त्याचे संगीत डिसेंबरमध्ये जगभर वाजते. त्यातल्या काही भागांचे मिखाईल प्लेत्न्येव्ह यांनी १९७८ मध्ये एकट्या पियानोसाठी रूपांतर केले. त्याच वर्षी, वयाच्या २१ व्या वर्षी, ते मॉस्कोची चायकोव्हस्की स्पर्धा जिंकले. या संचातला शेवटचा, युगुलनृत्याचा भाग भल्याभल्यांना घाम फोडतो.

सूर सोपे, मग अडते कुठे?

त्याची मुख्य सुरावट म्हणजे शुद्ध स्वरांचा सरळ अवरोह : सां नि ध प म ग रे सा. भोंगवलीतल्या भजनाच्या पेटीवरही ती पाच मिनिटांत निघेल. मूळ वाद्यवृंदात ही ओळ चेलो गातात आणि भोवती हार्पच्या लाटा उठतात. पियानोवर ही सगळी मंडळी दहा बोटांत कोंबावी लागतात. ज्या हाताने सुरावट ठळक काढायची, त्याच हाताच्या उरलेल्या बोटांनी भोवतीचे जलद सूर हलके ठेवायचे. पेटीवर अशी सोय नाही. भात्याची हवा सगळ्या स्वरांना सारखीच मिळते. पियानोत मात्र प्रत्येक पट्टी किती जोराने दाबली, यावर तिचा आवाज ठरतो. शिवाय ओळ पुन:पुन्हा येते आणि चढत जाते. सुरुवातीलाच जोर संपवला, तर शेवटी नुसता गोंगाट. पायातले पेडल जास्त वेळ दाबून ठेवले की सूर एकमेकांत मिसळून चिखल होतो, तो वेगळाच.

सुट्टीत बसेल का?

काही वर्षांची तयारी नसेल तर नाही. तयारी असेल, तरी आधी फक्त सुरावट वाजवावी, मग एकेक हात, मग दोन्ही हात निम्म्या लयीत. एका बैठकीत चार तास घासण्यापेक्षा रोज थोडे बरे. शिकलेली हालचाल झोपेतही पक्की होत असते. मनगट दुखू लागले तर थांबायचे.

नवख्यांसाठी दुसरी वाट खुद्द संगीतकारानेच करून ठेवली आहे. सर्गेई तानेयेव्ह यांनी तयार केलेली बॅलेची पियानोप्रत फार कठीण झाली, म्हणून चायकोव्हस्की यांनी स्वत: बसून सोपी प्रत लिहिली. या सुट्टीपुरते तिचे पहिले पान घेतले तरी चालेल.