गर्दीची सरासरी नेमकी कुणाची? नाताळ, इमॅजिका आणि सॅम्पलिंग

नाताळच्या आठवड्यात खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, "कसं होतं?" उत्तर बहुतेक ठरलेलं असतं : "मस्त आहे, पण गर्दी लई. तिथं कायमच असते वाटतं." आता समजा, पार्क चालवणाऱ्यानं वर्षभराचा हिशोब मांडला आणि म्हणाला, "सरासरी दिवशी आमच्याकडं बऱ्यापैकी जागा रिकामी असते." तर यातलं खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. पेट झाली, आता प्रपोजल लिहायचंय अशा टप्प्यावर असाल, तर हा प्रश्न पाच मिनिटं नीट बघा. सर्व्हे करणाऱ्यांपैकी बरेचजण इथंच अडकतात.

आधी गर्दी होते कशी ते पाहू. इमॅजिका २०१३ साली सुरू झालं. परभणीहून जायचं तर रात्री देवगिरी एक्सप्रेस धरायची, कल्याणला उतरायचं आणि कर्जतमार्गे खोपोली गाठायची. पार्क, शेजारचं हॉटेल, येणं-जाणं धरून सहा-सात जणांच्या कुटुंबाला हा खर्च वर्षातून एकदाच झेपतो. आता तारीख ठरवा. ताईच्या पोरांची शाळा इंग्रजी माध्यमाची, तिथं नाताळची सुट्टी. भावजींच्या उरलेल्या रजा डिसेंबर संपला की वाया जाणार. अण्णांचं सोयाबीन विकून झालेलं, हरभरा-ज्वारी पेरून झालेली. सगळ्यांचे मोकळे दिवस एकाखाली एक लिहिले की सामाईक उरतात ते २५ डिसेंबरच्या आगेमागचे दोन-तीन. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरात नाताळ हा सण नसतो, पण सुट्टी असते. आणि हाच हिशोब मुंबई, पुणे, नाशिकच्या हजारो घरांत त्याच वेळी चाललेला असतो.

आता आकडे घेऊ. हे मी सोयीसाठी धरलेत, कुठल्याही पार्कचे नाहीत. समजा दहा दिवस आहेत. आठ दिवस रोज २,००० माणसं येतात, नाताळच्या दोन दिवशी रोज १२,०००. एकूण ४०,००० माणसं, भागिले १० दिवस, म्हणजे दिवसाची सरासरी ४,०००. हा पार्कचा आकडा.

आता दिवसांना न विचारता माणसांना विचारा : "तुम्ही गेलात त्या दिवशी किती लोक होते?" १६,००० माणसं सांगतील २,०००. उरलेली २४,००० सांगतील १२,०००. या सगळ्या उत्तरांची सरासरी काढून बघा, खरंच वहीत काढा. ती येते ८,०००. बरोब्बर दुप्पट! दहातले आठ दिवस निवांत होते, तरी शंभरातल्या साठ माणसांनी तुडुंब गर्दीच पाहिली. कारण सरळ आहे. गर्दीचा दिवस गर्दीचा असतो तोच मुळी जास्त माणसं असल्यामुळं, म्हणून सॅम्पलमध्येही त्याच दिवसाची माणसं जास्त येतात.

याला साइझ-बायस्ड सॅम्पलिंग म्हणतात. स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये याच तर्कानं दाखवलं, की तुमच्या मित्रांना सरासरीनं तुमच्यापेक्षा जास्त मित्र असतात. (वाईट वाटून घेऊ नका, त्यांचंही तेच आहे.)

पार्कचं सोडा. परभणी–जिंतूर एसटीवर कुणी अभ्यास करतंय असं धरा. बसमध्ये चढून प्रवाशांना विचारलं तर बहुतेकजण म्हणणार, उभं राहून आलो. फेऱ्यांचा तक्ता काढला तर सरासरी भारमान कमी दिसणार, कारण दुपारच्या रिकाम्या फेऱ्याही त्यात मोजल्या जातात. आता कुणी फक्त तक्ता बघून "प्रतिसाद नाही" म्हणत फेऱ्या कमी केल्या, तर सकाळी कॉलेजला लोंबकळत येणाऱ्या पोरींचं काय? आणि फक्त प्रवाशांचं ऐकून दिवसभर फेऱ्या वाढवल्या तर दुपारी डिझेल जाळायचं. रुग्णालयाच्या ओपीडीत, रेशनच्या रांगेत, सगळीकडं हेच.

मग बरोबर सरासरी कोणती? प्रश्न काय विचारलाय त्यावर आहे. रोज किती कर्मचारी लावायचे हे ठरवायचं तर ४,००० चा आकडा घ्या, आणि नाताळचे दिवस वेगळे काढा. कुटुंबाला काय अनुभव येतो हे सांगायचं तर ८,००० हाच खरा. "पूर्वग्रह आहे, काढून टाका" असं गाईडही कधी कधी म्हणतात, पण माणसांचा अनुभव हाच तुमचा विषय असेल तर काढून टाकण्यासारखं त्यात काही नाही.

माणसांच्या उत्तरांवरून दिवसाची सरासरी हवी असेल तर तीही मिळते. प्रत्येक उत्तराला त्या दिवसाच्या गर्दीच्या उलट प्रमाणात वजन द्यायचं. २,००० च्या दिवसाच्या माणसाला १/२,०००, दुसऱ्याला १/१२,०००. या वजनांची बेरीज येते १०, म्हणजेच दिवसांची संख्या. ४०,००० ला १० नं भागा, पुन्हा ४,०००. पण त्यासाठी प्रश्नावलीत "कोणत्या तारखेला गेला होतात?" हा रकाना हवा. तो नसेल तर नंतर कोणतंच सॉफ्टवेअर मदतीला येत नाही.

जाताजाता रांगेतल्यांसाठी एक कामाची गोष्ट. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम : रांगेतली माणसं = ताशी आत जाणारी माणसं × थांबायचा वेळ. राइडमध्ये पाच मिनिटांत किती जण बसले ते मोजा. ६० बसले तर तासाला ७२०. पुढं ५४० डोकी असतील तर पाऊण तास. एक्सप्रेस तिकीटवाले मध्ये येत असतील तर आणखी जास्त, कारण जादा पैसे भरल्यानं राइडच्या सीट वाढत नाहीत, फक्त क्रम बदलतो.

हे सगळं मी घरात वहीवर मांडून दाखवलं. ताईनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंगळवारी पोरांना सुट्टी कोण देणार?" तेव्हा यंदाही २५ तारखेचंच बुकिंग आहे. फक्त खोपोलीला आदल्या संध्याकाळी पोचायचं ठरलंय, म्हणजे सकाळी गेट उघडताना, पुढं डोकी कमी असतानाच मोठ्या राइड उरकता येतील.