बासरीला छाती नको, ओठ हवेत

बासरी हातात घेतलेल्या माणसाला भोवतालचे चार जण हमखास एकच सल्ला देतात : "अरे, जोरात फुंक!" तो बिचारा गाल फुगवून फुंकतो. सुराऐवजी नुसती हवा फुसफुसते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि निकाल लागतो की, बासरीला दमदार छाती लागते, ते आपलं काम नव्हे. हा गैरसमज इतका बोकाळला आहे की, आधी त्याचाच समाचार घ्यायला हवा.

जत्रेत मिळणाऱ्या शिट्टीच्या बासरीत हवेला वाट दाखवणारी खाच असते, म्हणून ती कुणीही फुंकली तरी वाजते. आडव्या बासरीत अशी खाच नाही. ते काम ओठांचं. ओठांमधल्या बारीक फटीतून निघालेला झोत फुंकायच्या भोकाच्या पलीकडच्या काठावर आदळला पाहिजे. तिथे तो क्षणात आत, क्षणात बाहेर असा हेलकावतो आणि नळीतली हवा कंप पावू लागते. झोत काठावरून निसटला किंवा सगळाच्या सगळा भोकात शिरला, तर पहिलवानानं फुंकली तरी बासरी मुकीच राहणार.

यावर ठरलेला प्रश्न येतो : "पण तार सप्तकाला तरी जोर लागतोच ना?" लागतो तो झोताचा वेग. नेव्हिल फ्लेचर या ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञानं अनुभवी वादकांच्या फुंकीची मोजमापं १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. ती पाश्चात्त्य फ्लूटवरची आहेत, पण सूर तयार होण्याची रीत दोन्हीकडे तीच. सूर चढताना तोंडातला दाब वाढतो, हे खरं. पण त्याच वेळी वादक फट आवळतात आणि ओठ काठाच्या जवळ नेतात. आवाज लहानमोठा करताना तर दाब जवळपास तेवढाच राहतो, बदलतो तो फटीचा आकार.

आणि हा दाब असतो तरी किती? पेलाभर पाण्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवा आणि बुडबुडे येतील इतपत फुंका. फ्लूटच्या खालच्या सुरांना एवढाच दाब पुरतो! लहान मूलही तेवढा देऊ शकतं.

मग चक्कर का येते? फट मोठी राहिली की हवा भसाभस वाया जाते. माणूस धापा टाकल्यासारखा श्वास घेत-सोडत राहतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि डोकं हलकं पडतं. यात फुफ्फुसांचा काही दोष नाही. दोन मिनिटं बासरी खाली ठेवा, मग फट लहान करा.

करायचं ते असं. खालच्या ओठानं भोकाचा साधारण एक तृतीयांश भाग झाका. ओठांचे कोपरे सैल सोडा. बासरी न घेता, वीतभर अंतरावर तळहात धरून फुंका. तळव्यावर एकाच ठिकाणी बारीक, गार झोत जाणवला तर फट बरोबर. सगळा तळवा कोमट झाला तर ती फार मोठी आहे. आता बासरी लावा आणि ती किंचित आत-बाहेर फिरवत सूर शोधा. तो सापडला की ओठ तिथेच ठेवा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"ओठ जाड आहेत, जमणार नाही." ओठांच्या जाडीवर काही अडत नाही. वरच्या ओठाचं टोक मध्येच खाली आलेलं असेल, तर फट थोडी एका बाजूला घ्यायची. अनेक उत्तम वादक तसंच वाजवतात.

"हसल्यासारखे ओठ ताणा." ताणलेले ओठ लवकर थकतात आणि झोताची दिशा बदलायला वाव उरत नाही.

"बासरीच बेसूर आहे." असेलही, पण ती फार आत वळवून भोक जास्त झाकलं तरी सूर उतरतो. दुकानदाराशी भांडण्याआधी ते तपासा.

"कृष्णासारखी मान कलंडवायची." ती चित्रातली मुद्रा आहे, रियाजाची बैठक नव्हे. पाठ ताठ, खांदे सैल; बासरी तोंडाकडे आणायची, तोंड बासरीकडे न्यायचं नाही. ओठांची रेघ आणि बासरी समांतर राहिली पाहिजे.

"बासरी उजवीकडेच धरावी." हरिप्रसाद चौरसिया डावीकडे धरतात. पुढे बोला.

"भोकं बोटांच्या टोकांनीच झाकायची." पन्नालाल घोषांनी रूढ केलेल्या लांब बासरीवर तसा हट्ट धरला तर बोटं पोचणारच नाहीत, तिथे मधली पेरं वापरावी लागतात.

"महागड्या बासरीचा सूर आपोआप गोड." जॉन कोल्टमन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये चांदी, तांबं आणि लाकूड यांच्या एकाच मापाच्या फ्लूट वाजवून दाखवल्या, ऐकणाऱ्यांना फरक ओळखता आला नाही. पैसे मोजायचेच तर भोकांची आखणी आणि फुंकायच्या भोकाचा नेटका काठ पाहून मोजा.

शिकवणाऱ्यांना एकच विनंती : पहिल्या आठवड्यात विद्यार्थ्याला "जोरात" हा शब्द ऐकवू नका. "बारीक" म्हणा. निम्मे विद्यार्थी तेवढ्यानंच टिकतील.