कुलूप कुणाच्या सुरक्षेसाठी?

काही वर्षांपूर्वी उत्तर भारतातील एका कारखान्यात अग्निसुरक्षेची रंगीत तालीम पाहण्याचा योग आला. भोंगा वाजला, कर्मचारी शिस्तीने अंगणात जमले आणि व्यवस्थापकांनी घड्याळाकडे पाहून समाधानाने मान डोलावली. मी सहज इमारतीच्या मागे गेलो. दुसऱ्या जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप होते आणि किल्ली कुणाकडे आहे, हे पहारेकऱ्यालाही ठाऊक नव्हते. ‘माल चोरीला जातो, साहेब,’ एवढेच तो म्हणाला. वरच्या मजल्यावर यंत्रे चालूच होती. तेथील कंत्राटी कामगारांना तालमीतून वगळण्यात आले होते, कारण त्यांची नावे हजेरीपटावर नव्हती.

त्यानंतर आगीची प्रत्येक बातमी वाचताना मला ते कुलूप आठवते. ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे दिल्लीतील अनाज मंडी भागात एका इमारतीला आग लागली आणि ४३ जण मृत्युमुखी पडले. जेथे काम तेथेच मुक्काम, अशी त्या कामगारांची अवस्था होती. त्यांच्यापैकी बहुतेकांचा मृत्यू झोपेत, धुराने गुदमरून झाला. १३ मे २०२२ रोजी दिल्लीतीलच मुंडका येथे चार मजली व्यापारी इमारतीत २७ जणांचा बळी गेला. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. इमारतीला ये-जा करण्यासाठी एकच जिना होता. अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्रही नव्हते.

ही केवळ गरिबांच्या कारखान्यांची कहाणी नाही. डिसेंबर २०११ मध्ये कोलकात्याच्या एका नामांकित रुग्णालयात तळघरातील ज्वलनशील सामानाने पेट घेतला. ज्वाळा वरच्या मजल्यांवर पोहोचल्या नाहीत, पण धूर पोहोचला आणि नव्वदच्या आसपास माणसे दगावली. १३ जून १९९७ रोजी उपहार चित्रपटगृहात ५९ प्रेक्षक गेले, तेव्हाही बाल्कनीतून बाहेर पडण्याची वाट वाढीव खुर्च्यांनी अडवलेली होती. चार घटनांचे सार एकच आहे. माणसे जळून मरतात त्याहून अधिक ती कोंडून, गुदमरून मरतात.

याला कायद्याचा अभाव कारणीभूत आहे, असे म्हणता येणार नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३८ मध्ये सुटकेच्या सुरक्षित मार्गांची सक्ती होती. शिवाय प्रत्येक कामगाराला ते मार्ग परिचित असावेत आणि आगीच्या वेळी काय करायचे याचे पुरेसे प्रशिक्षण त्याला मिळावे, असेही त्यात म्हटले होते. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांना आपत्कालीन आराखडा बंधनकारक करण्यात आला. परंतु अग्निशमन हा राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिकांकडे सोपवता येणारा विषय आहे. त्यामुळे जेथे पालिका दुबळी, तेथे तपासणीही दुबळी. निवासी परवान्याच्या इमारतीत चालणारा कारखाना तर कोणत्याच खात्याच्या दप्तरात नसतो.

जोखमीचे मूल्यमापन या भारदस्त शब्दांमागे साधे प्रश्न आहेत. येथे काय पेटू शकते? ते कशाने पेटेल? त्या क्षणी आत कोण असेल? त्यांतले कोण वेगाने चालू शकणार नाही? बाहेर पडण्याच्या किमान दोन वाटा मोकळ्या आहेत का? उत्तरे लिहून ठेवावीत आणि यंत्र, माल वा माणसे बदलली की ती पुन्हा तपासावीत. प्रशिक्षणही असेच साधे हवे. विद्युत आगीवर पाणी मारू नये, उद्वाहन वापरू नये, धुरात वाकून किंवा रांगत पुढे सरकावे. अग्निशामक नळकांड्याची पिन काढून फवारा ज्वाळांच्या शेंड्यावर न मारता बुडाशी मारावा. आग आवाक्याबाहेर जात असेल, तर ती विझवण्याचा मोह सोडून बाहेर पडावे. बाहेर ठरलेल्या जागी हजेरी घ्यावी, म्हणजे आत कोण राहिले ते जवानांना सांगता येते. आणि म्हणूनच ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, त्याला शोधायला कुणी जात नाही.

१९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात कर्तव्य बजावताना ६६ अग्निशमन जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. त्या दिवशी कार्यालयांत व्याख्याने होतात, पत्रके वाटली जातात. माझी विनंती याहून लहान आहे. त्या दिवसाची वाट न पाहता, उद्या कामावर गेल्यावर प्रत्येकाने आपल्या मजल्यावरचा दुसरा जिना एकदा शेवटपर्यंत उतरून पाहावा. खालचे दार उघडले नाही, तर किल्ली कुणाकडे आहे, हे त्याच दिवशी विचारावे. त्या कारखान्यात मी तो प्रश्न पहारेकऱ्याला विचारला आणि परत फिरलो. तो व्यवस्थापकांना विचारायला हवा होता, ही रुखरुख आजही माझ्या मनात आहे.