विस्तृत संगणकजाळ्यातील संदेशयंत्रणेचे नियंत्रण

दूरदूरच्या संगणकांना जोडणाऱ्या जाळ्याचे दोन घटक असतात : गणनकार्य करणारे संगणक आणि त्यांच्यामध्ये संदेश पोचविणारी उपयंत्रणा. या उपयंत्रणेची देखरेख हा आज एक स्वतंत्र अभ्यासविषय आहे. त्यातील मध्यवर्ती अडचण अशी की, देखरेखीचे संदेशही बहुधा त्याच जाळ्यातून जातात. जाळे रुग्ण झाले की वैद्याची वाटही अडते.

अमेरिकेतील अर्पानेटच्या इतिहासात याचे बोधप्रद उदाहरण आढळते. १९६९ साली चार केंद्रांनिशी सुरू झालेल्या या जाळ्यात प्रत्येक ठिकाणी संदेश पुढे धाडणारा आय.एम.पी. नावाचा लहान संगणक असे. तो ठराविक काळाने आपली स्थिती मॅसॅच्युसेट्समधील नियंत्रणकेंद्राला कळवी. शिवाय आपल्या तारमार्गांवरील विलंबाची वार्ता तो इतर सर्व आय.एम.पीं.ना देई, तिच्या आधारे संदेशांचे मार्ग ठरत. अलीकडची वार्ता ओळखता यावी म्हणून प्रत्येक वार्तेला ० ते ६३ यांपैकी एक क्रमांक असे. ६३ नंतर पुन्हा ० येत असल्याने क्रमांकांची तुलना चक्राकार पद्धतीने होई.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी यंत्रातील दोषामुळे एकाच आय.एम.पी.च्या वार्तेचे ४४, ४० आणि ८ असे तीन क्रमांक फिरू लागले. द्विमान पद्धतीत ते १०११००, १०१००० आणि ००१००० असे होतात. म्हणजे प्रत्येक पायरीला एकेक बिट गळाला होता. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत लेखकप्रमादाने कालनिर्णय चुकावा, तसेच येथे घडले. चक्राकार तुलनेत ४० हून ४४ नवा, ८ हून ४० नवा आणि ४४ हून ८ नवा ठरे. त्यामुळे या वार्ता जाळ्यात अविरत फिरत राहिल्या. मार्गविषयक वार्तांना अग्रक्रम असल्याने इतर वाहतूक खोळंबली आणि जाळे कित्येक तास निरुपयोगी झाले.

एखादा आय.एम.पी. बंद करून पुन्हा सुरू करणे व्यर्थ होते, कारण शेजारी त्याला तीच वार्ता पुन्हा देत. अखेर त्या एका केंद्राच्या वार्ता दुर्लक्षित कराव्यात, अशी दुरुस्ती आय.एम.पीं.च्या कार्यक्रमात करावी लागली. तारेवरून जाताना संदेश तपासला जाई. यंत्राच्या स्मृतीत असताना मात्र तो तपासला जात नसे. दोष नेमका तेथे शिरला होता.

पुढील काळात व्यवस्थापनाच्या कल्पना सुसूत्र झाल्या. आंतरराष्ट्रीय मानकांनी दोष, रचना, हिशेब, कार्यक्षमता आणि सुरक्षितता अशी पाच कार्ये निश्चित केली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एस.एन.एम.पी. या प्रोटोकॉलने प्रत्येक उपकरणात एक 'प्रतिनिधी' कल्पिला : व्यवस्थापकाने विचारलेली माहिती तो देतो आणि काही विपरीत घडल्यास न विचारताही कळवितो. नियंत्रणासाठी मूळ जाळ्याहून वेगळा मार्ग राखण्याचा दंडकही रूढ झाला.

तरीही मूळ अडचण संपलेली नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेमुळे फेसबुकचे मुख्य जाळे तुटले. चुकीची आज्ञा रोखण्यासाठी असलेल्या साधनातही दोष होता. राखीव मार्गही उपलब्ध न राहिल्याने अभियंत्यांना प्रत्यक्ष यंत्रांपाशी जावे लागले. वेगळा मार्ग असणे पुरेसे नाही. मुख्य मार्ग कोसळला असता तो टिकतो की नाही, याची आधीच परीक्षा घेणे हेही व्यवस्थापनाचेच अंग होय.