हृदयरोगाची पूर्वपरीक्षा आणि आपले आदिवासी बांधव

आपल्या शहरांतील पाणचक्की तुम्हीं पाहिलीच असेल. दूरच्या डोंगरांतील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या बळावर जातें फिरविण्याची ती युक्ति आहे. नळांतील पाण्याचा दाब बेताचा असला तर काम सुरळीत चालतें. तो वर्षानुवर्षें अधिक राहिला तर नळ बाहेरून धड दिसत असतांच खिळखिळा होतो आणि एके दिवशीं नेमका कमकुवत जागीं फुटतो. आपल्या शरीरांतील रक्तवाहिन्यांची गोष्ट थोडीफार अशीच आहे.

मुठीएवढें आपलें हृदय दिवसाकाठीं सुमारें एक लक्ष वेळां आकुंचन पावतें. रक्ताचा दाब सतत चढा राहिला म्हणजे वाहिन्यांचें अस्तर खराब होतें व तेथें चरबीचे थर सांचतात. हृदयाची वाहिनी बंद पडली कीं हृदयविकाराचा झटका येतो. मेंदूची बंद पडली अथवा फुटली कीं पक्षाघात होतो. वाईट गोष्ट ही कीं, वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाहीं. म्हणून तो मोजल्यावांचून कळत नाहीं.

पुष्कळांचा असा समज आहे कीं, हा रोग शहरांतील सुखवस्तु लोकांचा. रानांत राबणाऱ्यांस तो होत नाहीं. ह्या समजास कांहीं आधार आहे. ब्राझीलच्या अरण्यांतील यानोमामी लोक अन्नांत मीठ जवळजवळ घालीत नसत. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणींत त्यांचा रक्तदाब फारच कमी आढळला. परंतु आपल्याकडील स्थिति तशी राहिलेली नाहीं. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्या दांपत्यानें १९८६ सालीं 'सर्च' ही संस्था स्थापिली. तिच्या संशोधकांनीं २०११ ते २०१३ ह्या काळांत तेथील ८६ गांवांतील मृत्यूंची कारणें शोधिलीं, तेव्हां सर्वांत मोठें कारण पक्षाघात हेंच निघालें. दर सात मृत्यूंपैकीं सुमारें एक त्यानें झालेला होता. आदिवासींच्या आरोग्याविषयीं नेमलेल्या राष्ट्रीय तज्ज्ञसमितीनेंही २०१८ च्या आपल्या अहवालांत सांगितलें कीं, प्रौढ आदिवासींपैकीं चौघांत सुमारें एकास उच्च रक्तदाब आहे. खर्रा, दारू व मीठ हीं रानांतही पोंचलीं. औषध मात्र मागें राहिलें.

आतां ही पूर्वपरीक्षा कशी करितात तें पाहूं. गांवची आशा स्वयंसेविका तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाचा एक तक्ता भरते. त्यांत वय, तमाखू, मद्यपान, कमरेचा घेर, शारीरिक श्रम व कुटुंबांतील रोग ह्यांविषयीं प्रश्न असून प्रत्येक उत्तरास गुण असतात. शाळेंत अधिक गुण मिळणें चांगलें. येथें मात्र जितके कमी तितकें बरें! चारांहून अधिक गुण झाले कीं त्या मनुष्यास तपासणीस प्रथम पाठवितात. कमी गुणांच्या माणसांचीही पाळी मागाहून येतेच. नंतर रक्तदाब मोजतात व बोटाच्या थेंबभर रक्तावरून साखर पाहतात. दाब १४०/९० अथवा त्याहून अधिक निघाला तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां मोजून मगच निदान करितात. कारण धावपळीनें किंवा भीतीनेंही तो क्षणभर चढतो.

एकेक दोष लहान दिसला तरी दोष एकत्र आले म्हणजे धोका फार वाढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनें वय, लिंग, तमाखू, रक्तदाब इत्यादींवरून पुढील दहा वर्षांतील धोका दाखविणारे तक्ते तयार केले आहेत. रक्त तपासण्याची सोय नसेल तेथें उंची व वजन ह्यांवरूनही अंदाज करितां येतो. आडरानांतील दवाखान्यास ही मोठीच सोय आहे. ऑस्ट्रेलियांतील मूळ रहिवाशांत हा रोग लवकर जडतो, म्हणून त्यांच्या धोक्याची मोजणी तेथें तिसाव्या वर्षापासूनच करावी असा नियम ठरला आहे.

परंतु नुसत्या मोजणीनें कोणी बरा होत नाहीं. डोंगराळ व आदिवासी भागांत तीन हजार लोकांमागें एक उपकेंद्र असावें असा दंडक आहे. सपाटीवर तोच पांच हजारांचा आहे. तरीही पावसाळ्यांत पर्लकोटा नदीस पूर आला कीं भामरागडची वाट तुटते. रक्तदाबाची गोळी तर रोज घ्यावी लागते. ती संपली आणि नदी आडवी आली तर परीक्षेचें फळ काय? ह्यासाठीं औषध गांवांतच मिळावें, आणि सांगणारी व्यक्ति रोग्याची भाषा बोलणारी असावी. माडिया बोलणाऱ्या आजीबाईस परक्या भाषेंतील उपदेश काय उमगणार?

गडचिरोली दूर आहे असें म्हणूं नका. आपल्याच जिल्ह्यांत कन्नड व सोयगांवच्या डोंगरपट्ट्यांत भिल्ल बांधव राहतात. आणि हा रोग शिकलेल्यांसही सोडीत नाहीं, स्वतः डॉ. अभय बंग ह्यांस तो जडला व तो अनुभव त्यांनीं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' ह्या पुस्तकांत लिहिला. तेव्हां आजच घरीं जाऊन आईवडिलांस विचारा, "आपण रक्तदाब केव्हां मोजविला?" मोजवितांना पांच मिनिटें स्वस्थ बसावें, पाठ टेकावी, हात हृदयाच्या उंचीवर ठेवावा व त्यापूर्वीं अर्धा तास चहा अथवा तमाखू घेऊं नये. जेवतांना वरून मीठ घेण्याची संवयही सोडावी.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. त्यानें वाटेंत घायाळ पडलेल्या माणसास उचललें, हें थोरच. पण कोणी घायाळ होऊं नये म्हणून त्या वाटेवर आधींच पहारा ठेवणें, हीही त्याच दयेची दुसरी बाजू आहे. तुमच्यांपैकीं कोणी पुढें वैद्य अथवा परिचारिका होऊन तो पहारा करण्यास डोंगरांत गेले, तर ह्या शाळेस धन्यता वाटेल.